बुडालेल्या जहाजाभोवतीचं वर्तुळ : करंजाच्या एका तांडेलाचं खुलं पत्र

प्रति,
नौवहन महासंचालनालय, मुंबई
मुंबई बंदर प्राधिकरण आणि जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण (जेएनपीए)
महाराष्ट्र सागरी मंडळ
मत्स्यव्यवसाय विभाग, महाराष्ट्र राज्य

विषय : बुडालेलं जहाज काढण्याचं काम चालू असताना छोट्या नौकांची ये-जा

सन्माननीय अधिकारीवर्ग,

मी उरणजवळच्या करंजाचा तांडेल, म्हणजे मासेमारी नाव चालवणारा. वय ५८. आता नाव मुलगा चालवतो. मी धक्क्यावर बसून जाळी सांधतो आणि मच्छिमार संस्थेचे कागद बघतो. हे पत्र एखाद्या विशिष्ट जहाजाबद्दल नाही. मागच्या जहाजाबद्दल लिहून काही हाती लागत नाही, तोवर ते भंगारात गेलेलं असतं आणि ते काढणाऱ्या साहेबांची बदली झालेली असते. हे पुढच्या जहाजासाठी आहे.

पुढचं येणार हे सांगायला ज्योतिषी नको. २०१० मध्ये आमच्या तोंडासमोर एमएससी चित्रा कलंडलं. २०११ च्या एका पावसाळ्यात तीन झाली : जूनमध्ये अलंगला भंगारासाठी ओढून नेताना सुटलेलं विस्डम जुहूच्या वाळूत बसलं, जुलैअखेर खलाशांनी महिनाभर आधीच सोडून दिलेलं पवित वाहत वाहत तिथंच आलं, आणि ऑगस्टमध्ये कोळसा भरलेलं रॅक कॅरियर मुंबईबाहेर बुडालं. निसर्ग वादळात, जून २०२० मध्ये, बसरा स्टार रत्नागिरीच्या मिऱ्या बंधाऱ्यावर चढलं आणि वर्षानुवर्षं तिथंच गंजत राहिलं. मे २०२५ मध्ये केरळच्या किनाऱ्यासमोर एमएससी एल्सा ३ गेलं. तेव्हा पुढच्या खेपेला काय करायचं ते आत्ता, सगळं शांत असताना ठरवावं एवढंच म्हणणं आहे.

आधी एक रात्र सांगतो, म्हणजे मी हे का लिहितोय ते कळेल.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका बुडालेल्या बार्जचं काम चालू होतं. कुठं आणि कुणाचं ते सोडा, नाव घेऊन मला जुनं भांडण उकरायचं नाही. अमावास्या नुकतीच झालेली, उधाण, मध्यरात्र उलटलेली आणि सुकती, म्हणजे ओहोटी, जोरात लागलेली. वाहतं जाळं सोडून आम्ही त्याच्याबरोबर चाललो होतो. लांबवर कामाच्या ठिकाणी हॅलोजनचा नुसता लखलखाट. क्रेनवाल्या बार्जवर नियमाप्रमाणे दिवे असतीलही, पण त्या उजेडात ते दिसणार कसे? लग्नाच्या मांडवात समई शोधल्यासारखं. तेवढ्यात पहाऱ्याची बोट आली. सर्चलाइट थेट डोळ्यांत, आणि भोंग्यावर हिंदीत सुरू : मागे व्हा, एरिया खाली करा. आमचा खलाशी ओरडून सांगतोय, जालं भायेर हाय, जालं! त्याला काही कळेना. त्याला वाटलं ही माणसं मुद्दाम ऐकत नाहीत, म्हणून तो आणखी जवळ आला.

वाहत्या जाळ्याची नाव म्हणजे दोरीला बांधलेली नाव. इंजिन चालू करून ती पळू शकत नाही. आधी जाळं आत घ्यावं लागतं आणि त्याला तास लागतो, मासळी असेल तर जास्तच. आमच्याकडे तास नव्हता. जाळं कशावर तरी चढलं, नाव ताणली गेली, आणि मी सुरी मागितली. अर्ध्याहून जास्त जाळं त्या रात्री कापून दर्याला दिलं. सकाळी कळलं की बार्जचा नांगराचा वायर चारशे मीटर लांब गेलेला होता आणि त्याच्या टोकाला निशाणी म्हणून एक पांढरा प्लास्टिकचा डबा बांधलेला होता. बिनदिव्याचा.

भरपाई मागायला गेलो तर उत्तर मिळालं की सूचना काढलेली होती, तुम्ही वाचायला हवी होती. खलाशी बाहेर येऊन म्हणाला, "आमाला कोनी सांगलाच नाय." दोघंही खरं बोलत होते. सूचना निघाली होती, आणि आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

सूचना जाते कुठून कुठं, ते मी नंतर शोधून काढलं. हिंदी महासागराच्या या भागातले नाविकांसाठीचे इशारे देहरादूनच्या राष्ट्रीय जलमापन कार्यालयातून निघतात. डोंगरात बसून समुद्राचे इशारे काढतात याचं मला आधी हसू आलं, पण काम चोख आहे, शंका नाही. ते इशारे इंग्रजीत असतात, उपग्रहावरून आणि वायरलेसवरून मोठ्या जहाजांच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत जातात. तिथं ते वाचायला नेमलेला अधिकारी असतो. माझ्या नावेवर ते काम कुणाचं? पाच खलाशी, त्यातले दोन अंगठेबहाद्दर, एक नवखा पोरगा, आणि मी, दहावी नापास. वायरलेसवर १६ नंबर, म्हणजे तातडीच्या बोलण्याचं चॅनेल, लावलेला असतो, पण त्यावरच्या आकड्यांतून आणि अक्षांश-रेखांशांतून आमचं ठिकाण कुठं येतं हे रात्री, हलत्या नावेत, बाजूला इंजिन धडधडत असताना उलगडत नाही.

म्हणून पहिली मागणी अगदी साधी आहे. जिथून आम्ही हलू शकत नाही तिथं सूचना लावा. डिझेलशिवाय कुठलीच यांत्रिक नौका निघत नाही आणि बर्फाशिवाय दोन दिवसांची फेरी होत नाही. म्हणजे संस्थेचा डिझेल पंप आणि बर्फाचा कारखाना ही दोन ठिकाणं अशी की प्रत्येक तांडेल तिथं उभा राहतोच. टोकन देणाऱ्या माणसाकडे कागद द्या, तो टोकनाबरोबर हातात देईल. मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि एक नकाशा. जागा सांगताना आमचा जीपीएस दाखवतो तशा अंश-मिनिटांत सांगा, आणि शिवाय खुणा द्या : खांदेरीच्या दीपगृहाचा दिवा कुठल्या अंगाला, प्रोंग्सच्या दीपगृहाचा कुठल्या, कुठल्या डोंगराच्या सरळ रेषेत. आमच्या बापजाद्यांनी आकडे न शिकता खुणा धरूनच जागा सापडवल्या आणि अजूनही बॅटरी उतरली की आम्ही तेच करतो. त्याबरोबर दोन मिनिटांचा आवाजी निरोप मोबाइलवर पाठवा. आमच्या ग्रुपवर तो अर्ध्या तासात उत्तनपासून रेवदंड्यापर्यंत जातो. सरकारी यंत्रणेला तेवढं साधलं तर मी हार घालायला येईन.

आता तर हातात आणखी एक गोष्ट आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला मासेमारी नौकांवर १ लाख ट्रान्सपॉन्डर, म्हणजे निरोपाची देवाणघेवाण करणारी यंत्रं, बसवण्याची सुमारे ३६० कोटींची योजना सुरू झाली. वादळ आलं, हद्द ओलांडली की त्यावर निरोप येतो. मग बुडालेल्या जहाजाची हद्द त्यावर का येऊ नये? वादळ वर्षातून दोनदा येतं. कामाची हद्द एकदा आखली की सहा-सहा महिने तिथं असते.

आता हद्दीबद्दलच बोलतो, कारण माझं खरं दुखणं तिथं आहे.

तुम्ही नकाशावर जहाजाच्या जागी कंपासाचं टोक ठेवता आणि गोल फिरवता. पाचशे मीटर, हजार मीटर, जे काय असेल ते. पाण्याला हा गोल माहीत नसतो. मुंबईच्या खाडीत उधाणाच्या सुकतीला पाणी दोन-तीन नॉटनं धावतं. तीन नॉट धरा : मिनिटाला नव्वद मीटरच्या वर. म्हणजे पाचशे मीटरचा गोल पाणी साडेपाच मिनिटांत ओलांडतं. आणि मला जाळं घ्यायला लागतो तास. तासाभरात मी साडेपाच किलोमीटर वाहतो. तेव्हा गोलाच्या कडेला उभी असलेली पहाऱ्याची बोट मला सांगणार तरी काय? तिनं मला बघितलं तेव्हाच उशीर झालेला असतो. चूक तिची नसते, माझीही नसते, गोलाची असते.

उलट पाण्याच्या आडव्या अंगाला, जिथून काहीच वाहत येत नाही, तिथंही तुम्ही तेवढंच अंतर अडवता आणि त्यात आमची जायची वाट बंद होते. मग नावा लांबून वळसा घालतात आणि जहाजांच्या मुख्य वाटेत शिरतात. मुंबई आणि जेएनपीए या दोन्ही बंदरांची मोठी जहाजं त्याच वाटेनं ये-जा करतात. एका धोक्यापासून वाचवायला दुसऱ्याच्या तोंडी दिल्यासारखं.

म्हणून गोल नको, लांबट आखा. होडीच्या आकाराचा म्हणा ना. ज्या अंगानं पाणी येतं तिकडे लांब, आडवा अरुंद. भरतीला एक टोक पुढे, सुकतीला दुसरं. पहाऱ्याची एक बोट जहाजापाशी असू दे, पण दुसरी पाण्याच्या वरच्या अंगाला पाच-सहा किलोमीटरवर हवी आणि तिनं पाणी फिरलं की जागा बदलायला हवी. भरतीचं कोष्टक तुमच्याकडे छापलेलं आहे, आमच्याकडे पंचांग आहे. दोन्हीत एकच लिहिलेलं असतं.

पंचांगावरून आणखी एक सुचतं. पाणबुडे जोराच्या पाण्यात उतरत नाहीत. ते पाणी थांबायची वाट बघतात आणि भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे दिवस त्यांना बरे. आमच्या डोलीचं उलटं. डोलीचं जाळं खुंटाला बांधलेलं असतं, त्यात मासळी पाणीच आणून देतं, म्हणून आमचा धंदा उधाणाचा. तुमच्या कामाचे दिवस आणि आमच्या धंद्याचे दिवस निसर्गानंच वेगळे केलेत. भांगाला कडक बंदी करा, आम्ही तसेही जाळी धुतो आणि इंजिनं उघडतो. उधाणाला, पाणी जोरात असताना आणि पाण्याखाली माणूस नसताना, एक गल्ली मोकळी ठेवा. महिना-महिना सरसकट बंदी घालण्यापेक्षा ही तारीखवार बंदी पाळली जाईल. पाळली जाईल असं मी म्हणतो तेव्हा धक्क्यावरच्या माणसांना ओळखून म्हणतो.

डोलीचे खुंट मात्र उचलता येत नाहीत. ते कुणाचे, कुठं, किती, हे प्रत्येक गावाला तोंडपाठ आहे. हद्द आखण्याआधी एकदा गावात येऊन विचारा. तुमच्या नकाशावर ते नाहीत.

काम कसं चालतं हे आम्हाला कुणी समजावून सांगत नाही, आणि न समजलेला नियम माणूस पाळत नाही. म्हणून मला जे कळलं ते इथं माझ्याच लोकांसाठी लिहितो. साहेबांनी हा भाग वाचला नाही तरी चालेल, पण त्यांच्या सूचनेत तो यावा.

तांडेल मंडळी, पहिले काही आठवडे टाक्यांतलं तेल काढतात. तेव्हा हवेत तेलाची वाफ असते आणि आपल्या नावेवर चहाचा स्टोव्ह पेटलेला असतो. एल्सा ३ च्या १३ घातक कंटेनरांपैकी १२ मध्ये कॅल्शियम कार्बाइड होतं. त्याला पाणी लागलं की ॲसिटिलीन सुटतो, वेल्डिंगवाले वापरतात तोच. त्याच्याजवळ बिडी पेटवायची का ते तुम्हीच ठरवा. मग पाणबुडे उतरतात. पाण्याखाली नावेच्या पंख्याचा आवाज लांबून येतो, पण कुठल्या बाजूनं येतोय ते कळत नाही. पाण्यात आवाज हवेपेक्षा चारपट जोरात धावतो, दोन्ही कानांना एकदमच पोचतो. खालचा माणूस घाबरून वर बघतो आणि आपण त्याच्या डोक्यावरून गेलो हे आपल्या गावीही नसतं. त्यानंतर तुकडे उचलायचं काम. शेकडो टनांचा तुकडा वायरवर लटकलेला असताना आपण भरधाव जवळून गेलो तर आपल्या लाटेनं बार्ज हलतो आणि लटकलेलं वजन झोकांडी खातं. शेवटी उरलेला सांगाडा टगनं ओढून नेतात. त्या रात्री सगळ्यात जास्त जपायचं. पुढे टग, बराच मागे बार्ज, मधे अंधार. वाटतं मधली जागा मोकळी आहे. तिथं पाण्याच्या जरा खाली वायर ताणलेला असतो. टगच्या काठीवर एकाखाली एक पांढरे दिवे दिसले, मागे पिवळा दिसला, की समजायचं मागे काहीतरी बांधलेलं आहे, आणि मधून जायचं नाही. घाई असली तरी नाही.

निशाण्या ओळखायला शिका, अवघड नाहीत. दिवसा काठीवर काळा गोळा, त्याखाली शंकरपाळ्याचा आकार, त्याखाली परत गोळा दिसला, की ते जहाज तुम्हाला वाट देऊ शकत नाही. रात्री तेच लाल-पांढरा-लाल. एका अंगाला दोन गोळे असतील तर त्या अंगाला अडथळा, दोन शंकरपाळे असतील त्या अंगानं जायचं. रात्री दोन लाल म्हणजे अडथळा, दोन हिरवे म्हणजे वाट. निळा-पांढरा, शेपटी फाटलेल्या बावट्यासारखा फळा दिसला की पाण्याखाली माणूस आहे.

आणि हेही कबूल करूया. आपण जवळ जातो ते नेहमी चुकून नाही. बुडालेल्या लोखंडाभोवती मासळी जमते हे आपल्याला कळतं. मीही गेलो आहे. पहाऱ्याची बोट चहा प्यायला वळली की हळूच एक दोर सोडून यायचं, हा आपला जुना धंदा. काहीजण घरच्यांना जहाज दाखवायला घेऊन जातात, मोबाइलवर चित्र काढतात. त्या दिवशी तिथं पाणबुड्या नसेल तर आपलं नशीब, असेल तर त्याचं नशीब.

आता परत साहेबांकडे वळतो.

तुम्ही म्हणाल, बोये, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा, आहेत, दिवे आहेत, पहारा आहे, आणखी काय हवं? १४ डिसेंबर २००२ ला इंग्लिश खाडीत ट्रायकलर नावाचं मोटारी नेणारं जहाज दुसऱ्याशी टकरून बुडालं. पोटात जवळपास तीन हजार नव्या मोटारी. तिथं युरोपातल्या दोन देशांचा पहारा, रेडिओवर सतत इशारे. तरी दोनच दिवसांनी निकोला नावाचं जहाज त्याच्यावर जाऊन आदळलं. पहारा आणि बोये वाढवले. १ जानेवारीला व्हिकी हा तेलाचा टँकर आदळला. मोठी जहाजं, रडारवाली, शिकलेल्या अधिकाऱ्यांची. त्यानंतर जगभरासाठी एक खास बोया ठरला : निळे-पिवळे उभे पट्टे, वर पिवळी फुली, आणि रात्री आलटून पालटून निळा-पिवळा दिवा. तो बोया बघून ओळखेल असा माझ्या गावात किती जण आहेत हे मी एकदा विचारलं. एकानं सांगितलं, तो कुठल्या तरी पक्षाचा असेल.

ट्रायकलरवरून मला इतकंच कळलं की दिवा लावणं आणि समोरच्याला समजणं यात अंतर असतं, आणि ते अंतर भरून काढायला समोरच्याशी बोलणारा माणूस लागतो. आमच्याकडे तर तो माणूस आमच्या भाषेतला लागेल. उत्तर समुद्रात केबलच्या, पाइपलाइनच्या कामावर पहाऱ्याला बऱ्याचदा मासेमारी नौकाच भाड्यानं घेतात. कारण मच्छिमाराला लांबून नाव बघून कळतं की ती जाळं सोडून आहे, ओढते आहे, की नुसती झोपली आहे. त्या रात्री पहाऱ्यावर करंजाचा किंवा मोऱ्याचा एखादा पोरगा असता तर त्यानं दोन किलोमीटरवरूनच हाक मारली असती, जालं घे रं बाबा, फुडं वायर हाय. माझं जाळं वाचलं असतं आणि बार्जवाल्यांचा अर्धा दिवसही वाचला असता, कारण माझं कापलेलं जाळं त्यांच्याच वायरला गुंडाळलेलं निघालं.

खर्चाचं कारण सांगू नका. बुडालेली जहाजं हटवण्याबद्दलचा २००७ चा नैरोबी करार भारतानं २०११ मध्ये स्वीकारला. त्यात जागा शोधणं, खुणा लावणं आणि जहाज हटवणं यांचा खर्च जहाजाच्या नोंदणीकृत मालकावर टाकलेला आहे, आणि ३०० टनांवरच्या जहाजाला त्यासाठी विमा सक्तीचा आहे. नाविकांना शक्य त्या सर्व मार्गांनी तातडीनं सावध करा, असंही त्यात आहे. नाविक या शब्दात मी येतो की नाही एवढंच विचारतो. येत असेन तर डिझेल पंपावरचा फळा हाही एक शक्य मार्ग आहे, आणि पहाऱ्याच्या चार नावांचं भाडं विम्याच्या बिलात एका ओळीत बसेल.

पैशाचा विषय निघालाच आहे तर एल्साबद्दल बोलायलाच हवं. ते अलप्पुळा जिल्ह्यातल्या तोट्टप्पळ्ळीपासून सुमारे साडेचौदा सागरी मैलांवर गेलं, ६४० कंटेनर घेऊन. मच्छिमारांना २० सागरी मैलांच्या आत जायला बंदी झाली. वीस मैलांचा गोल म्हणजे चार हजार चौरस किलोमीटरच्या वर. त्यातला काही भाग जमिनीवर पडतो हे धरलं तरी मुंबई शहर आणि उपनगरं मिळून जेवढी आहेत त्याच्या कितीतरी पट. केरळ सरकारनं पुढं जहाजमालकांवर ९,५३१ कोटींचा दावा लावला. चांगलं केलं. पण तो निकालात निघेपर्यंत मच्छिमाराच्या घरी तातडीची मदत म्हणून आले १,००० रुपये आणि ६ किलो तांदूळ. हद्द आखली त्याच दिवशी हद्दीतल्या नौकांची यादी करून रोजची रक्कम ठरवली तर दोन गोष्टी होतील. पोट भरेल, आणि कुणी रात्री चोरून आत शिरणार नाही. भुकेला माणूस बोया बघत नाही.

२०१० ला आम्ही कसे वाचलो तेही सांगतो. ७ ऑगस्ट, शनिवार. जेएनपीटीतून (आताचं जेएनपीए) निघालेलं चित्रा आणि आत येणारं खलिजिया टकरले. चित्रावर १,२१९ कंटेनर, त्यातल्या ३१ मध्ये कीटकनाशकं. जहाज कलंडलं आणि कंटेनर बिस्किटांच्या पुड्यासारखे घसरत पाण्यात पडू लागले. सुमारे ८०० टन तेल सांडलं, घारापुरी, उरण, अलिबागकडच्या कांदळवनाला काळा थर चढला, मासळीला गिऱ्हाईक उरलं नाही. वाट कंटेनरांनी अडलेली, म्हणून दोन्ही बंदरं काही दिवस बंद होती आणि नंतर दिवसाउजेडी, जपूनच सुरू झाली. मोठ्या जहाजांना पायलट होते, नौदल पाण्याखाली शोध घेत होतं. छोट्या नावांचं काय झालं? काहीच नाही, कारण आमच्या नावा किनाऱ्यावर शाकारलेल्या होत्या. त्या वर्षी नारळी पौर्णिमा २४ ऑगस्टला होती. हेच ऑक्टोबरात घडलं असतं तर पाण्याला अंगासरसा तरंगणारा कंटेनर, नुसता एक कोपरा वर, आणि अंधारात आठ नॉटनं घरी येणारी लाकडी नाव. तो रडारवरही धड दिसत नाही, आणि आमच्याकडे रडार नाही. त्या वेळच्या अहवालात आमची जीवितहानी शून्य असेल. ती कुणाच्या व्यवस्थेनं शून्य झाली नाही, तिथीनं झाली.

आणि आता खाडीत गर्दी किती वाढलीय बघा. गेटवे-मांडवा, घारापुरीच्या लाँच, भाऊच्या धक्क्याहून मोरा-रेवस, रो-रो, नौदलाच्या बोटी, वीकेंडच्या स्पीड बोटी. १८ डिसेंबर २०२४ ला नीलकमल लाँचला नौदलाची बोट धडकली आणि १५ माणसं गेली. भरदुपारी, मोकळ्या पाण्यात, मधे कुठलंही बुडालेलं जहाज नसताना. यात एक क्रेन, आठ नांगर आणि चार टग घाला आणि विचार करा. प्रवासी लाँचवाल्यांनाही हद्द आखताना बोलवा. त्यांच्या गल्लीत येणारी आणि जाणारी वाट वेगळी ठेवा आणि कामाजवळून जाताना वेग किती ते सरळ आकड्यात सांगा. सावकाश जा म्हटलं की प्रत्येकाचं सावकाश वेगळं.

शेवटची गोष्ट काम संपतं तेव्हाची. सुरू झाल्याची सूचना कशीबशी येते, संपल्याची येतच नाही. क्रेन एक दिवस दिसेनाशी होते, बोये निघतात, आणि आम्ही समजतो मोकळं झालं. खाली काय राहिलं ते जाळं सांगतं. वायरचे तुकडे, कंटेनरचे दरवाजे, सोडून दिलेला नांगर. सॅल्वेजवाल्यांना, म्हणजे जहाज काढणाऱ्या ठेकेदारांना, शेवटचं बिल देण्याआधी तळ झाडून घेतल्याचा नकाशा त्यांच्याकडून घ्या आणि त्याची एक प्रत संस्थेला द्या. जे काढता आलं नाही त्याच्यासमोर फुली मारा. त्या फुल्या आम्ही आमच्या जीपीएसमध्ये भरू, पोरांना सांगू, आणि पन्नास वर्षांनी कुणीतरी त्या जागेला नाव देईल. काश्याच्या खडकाला आहे तसं. १९४७ ला रामदास बोट त्या खडकाजवळ गेली, सहाशेच्या वर माणसं गेली, आणि आजही रेवसकडे जाणारा म्हातारा खलाशी तिथून जाताना हात जोडतो. ते ठिकाण कुठल्याही सूचनेशिवाय सगळ्यांना माहीत आहे.

या पत्राची एक प्रत संस्थेच्या दारावर लावली आहे. बोलवाल तर मी येईन, माझ्याबरोबर मोऱ्याचे दोघं आणि रेवसचा एक येईल. उधाणाचे दिवस सोडून कुठलाही दिवस द्या. डिझेल पंपाशेजारचा फळा नवा रंगवून घेतलाय. वरच्या अर्ध्यावर बर्फाचा भाव लिहितो, खालचा अर्धा कोरा ठेवलाय.

आपला,
करंजा कोळीवाड्यातला एक तांडेल